राजेसाबांच्या टोकाला

शिवयोगीकडं हौसेनं बिनतारी बोलायचं, हॅम रेडिओचं लायसन होतं, पण अर्धंच. तोंडानं बोलायची परवानगी होती, मोर्सच्या टिकटिक लिपीत बोलायची नाही. बँडच्या, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्याच्या, एका टोकाला जुनी मंडळी टिकटिक करत गप्पा मारायची, तिथं यानं नुसतं ऐकायचं. बटणाला हात लावला की नियम मोडला. सांगोल्याचे राजेसाब यावरून त्याला लई छळायचे. त्यांच्या काळी मिनिटाला बारा शब्दांचा मोर्स आल्याशिवाय मोठं लायसन मिळत नव्हतं. पुढं सरकारनं वेग कमी केला, मग मोर्स न येणाऱ्यांसाठी छोटं लायसनही काढलं. "तुला काय, फुकटात मिळालं की," असं ते रोज सकाळी रेडिओवर ऐकवायचे आणि शिवयोगी हसत त्यांच्या डाळिंबांची चौकशी करायचा.

मग घशाच्या कॅन्सरनं राजेसाबांचा आवाज नेला. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, बोलणं तेवढं गेलं. तेव्हापासून हे जे मोर्सच्या टोकाला जाऊन बसले ते बसलेच. आवाजाच्या बाजूला फिरकायचं नाव नाही. मोबाइलवर विचारलं की उत्तर एकच, "बरा आहे." शिवयोगी भेटायला गेला, तर भिंतीकडं बघत राहिले. निघताना त्यांची बायको, बिस्मिल्लाभाभी, दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "घरात कुणाला काही सांगत नाहीत. पार कोंडून घेतलंय."

शिवयोगीनं ओळखलं, आता यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याच टोकाला जायला हवं. ठरलं, मोर्सची परीक्षा द्यायची.

पण शिकायचं कधी? दिवसभर सोलापुरातल्या घरच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालू, पोट त्यांच्यावर. मग कारखान्यातच कानाला हेडफोन लावून सराव सुरू झाला. धागा तुटला की जोडायला बायको रेश्मा धावायची आणि तोंडानं नवऱ्याचा उद्धार करायची. काही महिन्यांत त्या खडखडाटातही अक्षरं पटापट कळायला लागली. गडी खूश.

परीक्षा सोलापुरातच होती, एका कॉलेजात. खोलीत एसी, दारं-खिडक्या बंद, सगळं चिडीचूप. आधी मोर्सचा सरावाचा तुकडा लागला. शिवयोगीला एक अक्षर कळेना! अहो, मागांच्या गोंगाटातून टिकटिक वेचून काढायची सवय लागलेला कान तो, शांततेत पार गोंधळला. एकदा तरी माग बंद करून ऐकायचं सुचू नये? अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

डोळ्यांसमोर भिंतीकडं बघणारे राजेसाब आले. त्यानं लाज सोडली आणि परीक्षकांना कारण सांगून खिडकी उघडायची परवानगी मागितली. साहेब चक्रावले. बाकीचे दोन उमेदवार कानाला घट्ट हेडफोन लावून बसले होते, त्यांनी माना डोलावल्या. मग साहेबांनी स्वतः उठून खिडकी उघडली.

खाली फॅब्रिकेशनचं दुकान. ग्राइंडर नुसता किंचाळत होता. शिवयोगीला ते कीर्तनासारखं गोड लागलं. हेडफोनची एक बाजू त्यानं कानावरून सरकवली, खरा तुकडा सुरू झाला आणि पेन्सिल धावायला लागली.

पास झाला. हुश्श! मोठं लायसन हातात पडलं त्या सकाळी त्यानं रेडिओ मोर्सच्या टोकाला नेला, राजेसाबांची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, दिली, मग स्वतःची. पुन्हा एकदा दिली. आणि मग उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत मराठी, सावकाश. अभिनंदन नाही, चेष्टा नाही. ऑपरेशनला नेताना लई भ्यालो होतो, असं राजेसाब सांगत होते. अजून भितो. बिस्मिल्लाला सांगितलं नाही, ती खचेल. पोरांसमोर रडता येत नाही. मग दवाखान्यातल्या रात्री, मग डाळिंबं, मग पुन्हा भीती.

शिवयोगी डोळे पुसत लिहून घेत होता. अंगावरचं ओझं उतरल्यागत वाटत होतं त्याला. रेश्मा चहा घेऊन आली आणि कारखाना उघडायचा नाही का, म्हणून विचारायला लागली.

"थांब गं," तो म्हणाला. "राजेसाब बोलायलेत."

ती हातातला कप तसाच धरून खाली बसली.