घरगुती कारण

“...म्हणजे शिक्षण सोडणाऱ्या शंभरातली एकाहत्तर मुलं ‘घरगुती कारण’ देतात. दोष विद्यापीठाचा नाही, घरांचा आहे,” मॅडमनी शेवटचं वाक्य वाचलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत काका एकदम ताठ झाले.

काका नोंदणी विभागातले कारकून. प्रवेश रद्द करण्याचे अर्ज सव्वीस वर्षं त्यांच्याच टेबलावरून गेले होते. विद्यापीठ साऱ्या जगाचा अभ्यास करतं, मग विद्यापीठाचा कुणी करायचा, असं म्हणत समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी यंदा एक अभ्यासगट काढला होता. नसती उठाठेव म्हणून बाकीच्यांनी नाकं मुरडली. कसेबसे पाच जण जमले. त्यांत काका होते, कारण जुन्या फायली त्यांच्याशिवाय कुणालाच सापडत नसत. वर्षभर खपून गटाचा पहिला निबंध तयार झाला होता. उद्या तो छापायला जायचा होता.

आणि तो साफ चुकलेला होता. हे त्या खोलीत एकट्या काकांना आत्ता, तो ऐकताना कळलं.

बोलावं, तर मॅडमची मेहनत पाण्यात, गट मोडणार आणि नाक मुरडणाऱ्यांचं आयतंच फावणार. गप्प बसावं, तर त्या सगळ्या आईबापांच्या माथ्यावर खापर फुटणार, तेही छापील.

“मॅडम,” काका उठून उभे राहिले. “ते कारण पोरांचं नाही हो. माझं आहे.”

“म्हणजे?”

“मीच सांगायचो तसं लिहायला. वसतिगृह मिळालं नाही, सर टाकून बोलतात, असलं काही लिहिलं की अर्ज वरून परत यायचा. मग चौकशी, खुलासे, पोरांना महिनाभर खेटे. म्हणून म्हणायचो, बाळा, ‘घरगुती कारण’ लिही, संध्याकाळपर्यंत दाखला देतो. त्यांचा त्रास वाचावा म्हणून केलं हो.”

संपलं सगळं, असं काकांना वाटलं. नवल म्हणजे, छातीवरची धोंड मात्र उतरली होती.

“अहो काका, वर्षभर होतात कुठे?” मॅडमनी विचारलं.

“फायली काढत होतो.”

मॅडम हसतच सुटल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “वाचलो बाई! हे उद्या छापून आल्यावर बोलला असतात, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.” त्यांनी निबंधावर सरळ काट मारली. “आता अभ्यास याचाच. मुलांना खरं कारण का लिहिता येत नाही.”

“मग गट मोडत नाही ना?”

“मोडतोय कशाला? आत्ता कुठे सुरू होतोय. बसा. खरी कारणं आठवतात?”

काका बसले. इतकं मोकळं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. “एक मुलगी होती. भर वर्गात सरांनी तिच्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी.”

“नाव आठवतं?”

“आठवतं की,” काका म्हणाले, आणि त्यांनी वडिलांच्या नावासकट तिचं पूर्ण नाव सांगितलं.