निष्क्रिय म्हणतात मला

मित्रांनो, मी संगणकावरच्या एका खेळातले जुने कौशल्य आहे. माझे नाव मंत्रवृद्धी. जादूगार जो मंत्र टाकेल त्याचा जोर आणि पसारा वाढवायचा, एवढेच माझे काम. मला हाक मारावी लागत नाही, आणि थांबवायला बटणही नाही. मला घडवणाऱ्याने माझी पहिली परीक्षा एका ठिणगीवर घेतली. समोरचा लाकडी पुतळा मागच्या भिंतीसकट उडाला, तेव्हा तो खुशीत हसला होता.

पुढे मी अनेक जादूगारांच्या हातून लढले. लांडग्यांच्या कळपांचा कोळसा केला, राक्षसांच्या कवट्या फोडल्या. वाहवा मात्र मंत्राचीच झाली. मग खेळाचे भाषांतर झाले. मूळ इंग्रजी शब्द होता ‘पॅसिव्ह’, म्हणजे न सांगता आपोआप चालणारे; पण माझ्या नावाखाली शिक्का बसला : ‘निष्क्रिय कौशल्य’.

एका घरातल्या ताईने मला घेतले. खेळात ती जादूगारीण आणि तिचा भाऊ ढालकरी. पाय मोडून अंथरुणाला खिळलेला असताना भावाने हा ढालकरी वाढवला होता. या खेळात मेलेला परत येत नाही, म्हणून तो त्याला जिवापाड जपे.

माझे नाव वाचून तो म्हणाला, “निष्क्रिय? म्हणजे आपले मामाच की! सोफ्यावरून हलायचे नाहीत.”

“असू दे. मोठ्या लढाईत उठवू त्यांना,” ताई हसली.

त्याच डावात, एका अरुंद बोगद्यात लांडगे आले. ढालकरी पुढे होता. एका लांडग्याने त्याच्या मांडीचा लचका तोडला, दुसरा गळ्याशी झेपावला. ताईने सवयीने छोटा अग्निमंत्र टाकला. मी झोपलेले नव्हते. ज्वाळेने बोगदा भरून गेला. लांडगे उभ्या जागी फुटले. ढाल वितळून ढालकऱ्याच्या हाताला चिकटली आणि तोही पेटला.

“अगं ए, मला कशाला जाळतेस!”

“छोटाच टाकला रे मी!”

“मग मामा जागेच होते म्हणायचे! बरं कर मला, लवकर! मरतोय!”

उपचाराचा मंत्र तिच्या बोटाखाली होता. तिने बोट मागे घेतले.

“हाही वाढला आणि भलतंच काही झालं तर?”

वाढलाच असता, मित्रांनो. जळलेल्या मांसावर नवी कातडी चढली असती, लचका गेलेली मांडी भरून आली असती. पण मंत्रच आला नाही, तर मी वाढवू काय? ढालकरी गुडघ्यांवर आला, मग पालथा पडला आणि त्याची राख झाली. पडद्यावरून त्याचे नाव पुसले गेले.

भावाने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. “टाकायचा होतास गं,” एवढेच म्हणाला.

मित्रांनो, मला घ्याल तर शिक्क्यावर विसंबू नका. मी कधीच झोपत नाही. आग टाकण्याआधी समोर कोण उभे आहे ते बघा. आणि चूक झालीच, तर जखम भरायला हात आखडू नका. तेही मी मोठेच करते.