सुनेच्या खोलीचं दार

मार्गिलान गावच्या गल्ल्यांत सकाळचा पहिला आवाज असतो तो सुनांच्या झाडूंचा. नफोसतनं अंगण झाडलं होतं, फाटकापुढच्या रस्त्यावर पाणी शिंपडलं होतं आणि आता ती तो रस्ता झाडत होती. आतून सासूची, इनोबतची हाक आली.

"नफोसत!"

हाक साधी होती. इनोबतला चहा हवा होता, एवढंच. पण नफोसतच्या हातातला झाडू थांबला. छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या. आपण इथेच, या ओल्या रस्त्यावर मरणार, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. तिनं भिंतीचा आधार घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आले, आई!"

हे हिवाळ्यापासून चाललं होतं. पहिल्यांदा झालं ते शेजारच्या लग्नात. पाहुण्यांना चहा देताना किटलीचं झाकण तिच्या हातात खडखडायला लागलं आणि सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. दवाखान्यात हृदय तपासलं, ते ठणठणीत होतं. तिथल्या डॉक्टरनं मनोरुग्णांच्या सरकारी दवाखान्याचं नाव काढलं, तशी इनोबत खुर्चीवरून उठलीच.

"तिथं एकदा नाव लागलं की संपलं," रस्त्यात ती म्हणाली. "उद्या तुझ्या धाकट्या बहिणीला मागणी घालायला कोण येईल? लोक म्हणतील, घराण्यातच वेड आहे."

मग नजर उतरवायला घरात इसिरिक नावाच्या झुडपाच्या वाळल्या काड्या जाळल्या गेल्या. त्या कडवट धुरात नफोसत डोळे चोळत बसून राहिली. बायकांसाठी दुआ पढणाऱ्या ओतिनबाई आल्या. त्यांनी दुआ पुटपुटून तिच्या तोंडावर फुंकर मारली आणि कुणाची तरी नजर लागली आहे असं सांगून गेल्या. नजर उतरली, भीती उतरली नाही.

इनोबत दुष्ट नव्हती. तिचा नवरा वारला होता, मुलगा ओदिल रशियात इमारतींच्या कामावर होता आणि घराची अब्रू आपल्या एकटीच्या हातात आहे, असं तिला वाटत होतं. सुनेच्या आजारपणात तिनं स्वतः शिजवून तिला भरवलं होतं. फक्त सुनेला कधी बंद दार हवं असेल, ही एक गोष्ट तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. या गल्लीत लग्नाआधी मुलीचे आईवडील सुनेची खोली सजवून देतात. गाद्यांची चळत, पेटी, कपाट, आरसा, पडदे, सगळं असतं. दारही असतं. पण दिवसा ते लावायचं नसतं. दार लावणारी सून म्हणजे काहीतरी लपवणारी सून. सुनेला खोली मिळते, दार मिळत नाही.

ताश्कंदला शिलाईयंत्रांच्या दुकानाच्या वर मुअत्तर नावाची एक बाई तीन खोल्यांत काम करत होती. भीतीच्या आजारानं ग्रासलेल्या माणसांना फोनवरून मानसोपचार मिळावा म्हणून तिनं एक सेवा उभी केली होती. नाव 'येंगिल', म्हणजे हलकं. दवाखान्याची पायरी चढायची नाही, कुणी बघणार नाही, कुठे नाव लागणार नाही. माणसं येऊ लागली होती. मुअत्तरला एकच काळजी होती. कितीतरी बोलणी मध्येच, अर्ध्या वाक्यात तुटत होती. तिनं नेटला दोष दिला आणि आपल्या दोन इंजिनियरांना वेग वाढवायच्या कामाला लावलं.

नफोसत दर गुरुवारी या सेवेवर यायची, कारण गुरुवारी इनोबत बायकांच्या चहाच्या बैठकीला जायची. सुरुवातीला पडद्यावर प्रश्न यायचा, 'तुम्ही खोलीत एकट्या आहात का?' ती 'हो' दाबायची आणि गाद्यांच्या चळतीआड बसून झुमरदशी कुजबुजत बोलायची. झुमरद बुखाऱ्याची, शिकलेली, हसऱ्या चेहऱ्याची मानसोपचारतज्ज्ञ. भीती आली की तिच्याशी झगडायचं नाही, तिला येऊन जाऊ द्यायचं, हे ती शांतपणे शिकवत होती. नफोसत आता रात्रीची झोपू लागली होती.

चौथ्या गुरुवारी बैठकीतल्या यजमानीणबाईंचं नातवंड आजारी पडलं आणि इनोबत लवकर परतली. दार उघडंच होतं. ती सरळ आत आली आणि सुनेच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावली.

झुमरदनं फोन तोडायला हवा होता. निदान गप्प राहायला हवं होतं. पण वडीलधारं माणूस दारात दिसलं की उठून उभं राहायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिच्याही नकळत ती ताश्कंदमधल्या खुर्चीतून उठली, छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकली.

"अस्सलाम आलेकुम, खाला! बऱ्या आहात ना? तब्येत काय म्हणते? घरातले, लेकरंबाळं सगळी खुशाल?"

"वालेकुम सलाम, खुशाल खुशाल," इनोबतही उजळली. कुणीतरी नात्यातलीच असणार. "तू बरी आहेस ना? आईवडील कसे आहेत? मुलं?"

"देवाच्या दयेनं बरे आहेत, खाला."

"कुणाची गं तू? चेहरा लक्षात येत नाहीये."

नफोसत मान हलवून नको नको म्हणत होती. झुमरदला ते दिसलं, पण प्रश्न आईच्या वयाच्या बाईनं विचारला होता.

"मी... डॉक्टर आहे, खाला. भीतीच्या आजाराची."

इनोबत ओरडली नाही. तिनं फोन हातात घेतला, बंद केला आणि आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून ओदिलला सगळं सांगितलं आणि सुनेपुढे निकाल ठेवला. पुढच्या गुरुवारी फोनवर ओदिलसमोर नफोसतनं सांगायचं की मला काही झालेलं नाही, शहरातल्या बायकांनी फसवलं. नाहीतर सामान बांधायचं आणि माहेरी जायचं.

ताश्कंदमध्ये झुमरद दोन दिवस नफोसतचा नंबर लावून बघत राहिली; तो बंद होता. मग तिनं मुअत्तरला सगळं सांगितलं.

"तू उभी राहिलीस?" मुअत्तरनं विचारलं.

"राहिले."

"आणि वाकलीस?"

"आपा, तुम्ही काय बसून राहिला असता?"

एक इंजिनियर हसला, पण मुअत्तर हसली नाही. तिनं तुटलेल्या बोलण्यांच्या वेळा पुन्हा उघडल्या. जेवणाच्या आधी, नमाजानंतर, बाजारातून माणसं घरी परतायच्या सुमारास. नेट असं वेळापत्रक बघून तुटत नाही. दर वेळी कुणीतरी खोलीत आलं होतं.

ती झपाटल्यासारखी कामाला लागली. बुधवारपर्यंत एक नवी सोय तयार झाली. बोटाचा एक स्पर्श केला की डॉक्टर नाहीशी होणार आणि पडद्यावर सम्साची, म्हणजे भट्टीतल्या समोशाची, कृती येणार. कणीक, कांदा, मटण, जिरं. इंजिनियरांनी टाळ्या वाजवल्या. नफोसतनं अडीअडचणीसाठी झुमरदला देऊन ठेवलेला पत्ता घेऊन मुअत्तर मार्गिलानच्या गाडीत बसली. खिडकीबाहेर डोंगर जात होते. ती दर थोड्या वेळानं ते बटण दाबून बघत होती.

गुरुवारी इनोबत बैठकीला गेली नव्हती. मुअत्तरनं आपण कोण ते फाटकातच सांगितलं. इनोबतचे ओठ आवळले गेले, पण आलेल्या पाहुणीला परत कसं पाठवायचं? तिला अंगणातल्या चौकीवर मानाच्या जागी बसवलं, पुढे नान मोडून ठेवला. नफोसत चहा ओतू लागली, अर्धी अर्धी वाटी, रीतीप्रमाणे. वाटी काठोकाठ भरली तर पाहुण्यानं आता उठावं असा अर्थ होतो. किटलीचं झाकण खडखडत होतं.

"हे बघा, हे असं," इनोबत म्हणाली. "तुमच्या औषधानं झाकणसुद्धा गप्प बसलं नाही."

"औषध पुरं घेऊ दिलंत का, खाला?"

"जीभ चांगली चालते हो शहरात!"

नफोसत पाणी उकळायला स्वयंपाकघरात गेली, तशी हात धुवायच्या निमित्तानं मुअत्तर मागोमाग गेली. तिनं फोन पुढे केला आणि बटण दाबून दाखवलं. झुमरदचा चेहरा गेला, सम्सा आला.

नफोसतनं सम्साकडे बोट केलं.

"म्हणजे आई आल्या की मी सम्सा व्हायचं?"

"कुणाला कळणार नाही."

"आपा, लग्नापासून दोन वर्षं मी हेच तर करतेय. पाऊल वाजलं की चेहरा बदल. हाक आली की आवाज बदल. त्यानंच माझी छाती धडधडते. तुम्हीही मला लपायलाच शिकवणार?"

मुअत्तरनं फोन खाली केला.

बाहेर इनोबतनं ओदिलला फोन लावला होता. पडद्यावर तो डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, मागे अर्धवट भिंत, ओशाळलेला उभा होता.

"बोल," इनोबत सुनेला म्हणाली. "नवऱ्यासमोर बोल."

नफोसतनं किटली खाली ठेवली.

"मला भीतीचा आजार आहे," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण तिनं तो बदलला नाही. "फसवलं कुणी नाही. मी दर गुरुवारी डॉक्टरांशी बोलणार. दार लावून बोलणार."

"दार लावून!" इनोबत मुअत्तरकडे वळली. "ऐकलंत? मी या घरात तीस वर्षांपूर्वी आले. एक दिवस दार लावलं नाही. बाळ गेलं माझं, तेव्हासुद्धा उघड्या दारात बसून रडले. आणि हिला दार हवं!"

"आई," नफोसत म्हणाली, "तेव्हा तुम्हाला लावावंसं वाटलं नाही?"

इनोबत फोनकडे वळली. "ओदिल, तू सांग."

ओदिलनं इकडे तिकडे पाहिलं. "आई म्हणतील तसं," तो म्हणाला. "मुकादम बोलावतोय." पडदा काळा झाला.

आता नफोसतच्या बाजूला कुणीच नव्हतं. तिनं मुअत्तरपुढे हात केला. मुअत्तरनं आपला फोन तिला दिला. नफोसत अंगण ओलांडून खोलीत गेली आणि दार लावलं. दाराला आतून कडी नव्हती, कधी बसवलीच नव्हती. जड पेटी फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, मग ती दाराला टेकल्याचा.

"नफोसत!" इनोबतनं हाक मारली. "नफोसत!" दुसरी हाक शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू गेली असणार. तिकडे चालू असलेला झाडू थांबला.

"तुम्ही गाडीत बसून जाल," इनोबत हळू आवाजात म्हणाली. "गल्लीला तोंड मला द्यायचंय."

"हो, खाला," मुअत्तर म्हणाली. तिला ते सम्साचं पान आठवलं. परत गेल्यावर आधी ते काढून टाकायचं, हे तिनं ठरवलं. त्या जागी काय ठेवायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. लोकांच्या घरांना दारं बसवणारं बटण तिच्याकडे नव्हतं.

इनोबत उठली, बसली, पुन्हा उठली. दारापर्यंत गेली, हात वर केला. दार वाजवलं नाही. ती परत आली. पाहुणीची वाटी रिकामी होती आणि ओतायला सून नव्हती. सून आल्यापासून पहिल्यांदाच तिनं पाहुणीसाठी स्वतः किटली उचलली. झाकण तिच्याही हातात खडखडलं. तिनं दुसऱ्या हातानं ते दाबून धरलं आणि मुअत्तरच्या वाटीत चहा ओतला. अर्धाच.

दोघी बंद दाराकडे बघत बसल्या. आत काय बोलणं चाललं होतं, ते बाहेर कुणालाच ऐकू येत नव्हतं.