मधला पत्रा

माझा नवरा कारखान्यात वाफ तयार करणाऱ्या ज्या पेटीवर काम करायचा, ती आमच्या घराहून मोठी होती. आत पाण्याच्या नळ्यांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून भट्टीचा गरम धूर जायचा. धूर नळीला वळसा घालून पुढे गेला की मागे भोवरे सुटतात, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. त्यांचा ताल पेटीतल्या हवेच्या तालाशी जुळला की अख्खी पेटी हंबरायची. हे मला धाकट्या भावाने समजावलं. तो तिथलाच इंजिनिअर. आमच्या घरात डोकं फक्त त्यालाच मिळालंय, असं आई येईल त्याला सांगायची.

हंबरणं निम्म्या लोडवर, म्हणजे पेटी निम्म्या ताकदीने चालताना, सुरू व्हायचं. त्यामुळे पेटी चालवणारं कुणीच त्या लोडवर थांबत नसे. दातओठ खात लोड भराभर पुढे न्यायचे. तरी नवरा घरी यायचा तो डोकं धरूनच. टीव्ही एवढा मोठा लावायचा की शेजारी भिंत ठोकायचे.

मग भावाने नळ्यांच्या रांगांमध्ये, धुराच्या वाटेला समांतर, एक पोलादी पत्रा उभा केला. पेटीचे दोन भाग झाले, ताल मोडला, आवाज गेला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. घरी नवरा माझ्याशी हळू आवाजात बोलू लागला, आणि मला या वयात नवीन लग्न झाल्यासारखं वाटलं.

आता त्रास नाही म्हटल्यावर सगळेच निम्म्या लोडवर निवांत बसू लागले. वाफेची मागणीही तेवढीच होती. पण गेला होता तो फक्त आवाज. भोवरे होते तिथेच होते. त्या लोडवर नळ्या थरथरत होत्या, आधाराच्या पट्ट्यांना घासून झिजत होत्या, आणि बाहेर काही ऐकू येत नव्हतं. एका दुपारी पाणी कमी होतंय म्हणून नवरा पाहणीच्या दारापाशी गेला आणि नळी फुटली. वाफेने भाजलेला माणूस कसा दिसतो, ते मी कुणाला सांगणार नाही.

आई माझ्या सोबतीला येऊन राहिली. कारखान्यातल्या अपघाताच्या चौकशीच्या आदल्या संध्याकाळी भाऊ आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, निम्म्यावर थांबायचं नाही ही जुनी रीत भावोजींनी मोडली, असंच ठरेल. आपण गप्प राहिलो की मिटलं.

माझं डोकं फिरलं. "त्याला तिथून हाकलणारा आवाज कोणी बंद केला?"

तो मान खाली घालून बसला. "नळ्या हलणार हे मला हिशेबात दिसलं होतं, ताई. पुढच्या शटडाउनला आधार वाढवणार होतो. तोवर निम्म्या लोडवर कोण थांबणार, असं वाटलं. आजवर कधी कोणी थांबलंच नव्हतं."

"कुणाला बोलला होतास?"

"नाही."

"मग उद्या बोल. नाहीतर मी बोलेन."

आई आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होती. "तुझा तर गेला," ती म्हणाली. "याला कशाला बुडवतेस?"

तिच्या तोंडून ते निघालं तेव्हा मला नवरा पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

सकाळी मी चौकशीला गेले आणि सगळं सांगितलं. भावाने नाकारलं नाही. नवऱ्यावरचा ठपका पुसला गेला, भावाची नोकरी गेली. मी घरी पोचले तेव्हा आई आपली बॅग घेऊन त्याच्याकडे निघून गेली होती.