सिनेगल्लीच्या बातम्या कोण पोचवत होतं?

मी कप बोलतोय. चहाचा नव्हे, माणसांनी बसायचा. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी ‘रंजनबाग’ नावाची करमणुकीची बाग आहे. तिथल्या कपबशीच्या पाळण्यातला मी पिवळा कप. माझ्या पोटात गोल बाक आहे आणि मधोमध एक चक्र. ते फिरवलं की मी गरगरायचो. ‘गरगरायचो’ म्हणतोय, कारण आता मी जागचा हलत नाही.

जन्म मरोळचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये साच्यावर फायबरचे थर चढवून मला घडवलं. रंगाऱ्यानं माझ्या अंगावर निळी फुलं काढली. शेवटचं फूल अर्धं सोडून तो जेवायला गेला, आणि परत आल्यावर लाल कपाच्या मागे लागला. ते फूल अजून अर्धंच आहे.

इतर पाळण्यांत माणसं एकामागे एक बसतात. माझ्यात ती समोरासमोर बसतात. त्यामुळे मला चेहरे फार बघावे लागले. मजा आली म्हणून हसणारा कोण, भीती लपवायला हसणारा कोण, आणि बायकोचं लक्ष नाही असं बघून चक्र सोडून देणारा कोण, हे मला कळायला लागलं. तेव्हापासून माझा स्वभाव जरा संशयी झाला.

मग आमची मोटार जळली. नवी आणावी की नाही यावर कार्यालयात विचार सुरू झाला. तो अजून सुरूच आहे. लोक मला आयतं बाकडं समजून माझ्यात बसून वडापाव खाऊ लागले. अशीच एका रविवारी सकाळी चार मंडळी आली आणि मग दर रविवारी येतच राहिली.

त्यांचं वेड एकच, करमणुकीच्या बागा. घाटकोपरच्या वनमालाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान दादू, मूळचे मालवणकडचे. पार्ल्याचे नंदकिशोर हिशेबनीस होते, बागेच्या कंपनीचा वार्षिक अहवाल ते इतर लोक दिवाळी अंक वाचतात तसे वाचायचे. आणि अंधेरीला नोकरी करणारा सुयोग, ज्याला उंचावरून खाली पडणारं काहीही आवडायचं.

वाद बहुतेक वेळा सिनेगल्लीवरून व्हायचा. बागेत चाचेबंदर आहे, जंगलखंड आहे, अंतराळ आहे. माझ्या अगदी समोर सिनेगल्ली. जुन्या सिनेमातला रस्ता असावा तशी, सगळी काळी, पांढरी आणि करडी. झाडांची पानंसुद्धा करडी रंगवलेली. दिव्याचा खांब, घोडा नसलेला टांगा, नळीतून पडणारा पाऊस, मागे काहीच नसलेली बंगल्याची भिंत, आणि टोकाला लाकडी फळ्यांचा रेल्वे फलाट. त्या फलाटावर गाडी कधीच येत नाही.

“काकू, खरं सांगू? सिनेगल्लीत काळं कुत्रं फिरकत नाही,” सुयोग म्हणायचा. “ती काढा आणि अंतराळ वाढवा. एक झकास रोलरकोस्टर टाका.”

“तुझं सगळ्यावर औषध एकच, माणसाला उलटं टांगायचं.”

“पण पोरांनी ते सिनेमे बघितलेच नाहीत ना!”

“मग चाचे बघितलेत? भांडुपला उतरतात का रे चाचे?”

नंदकिशोर चष्मा पुसत म्हणायचे, “ताई, बाग नुसत्या तिकिटांवर चालत नाही. आत आल्यावर माणूस काय खातो, काय विकत घेतो, त्यावर चालते. तुमच्या गल्लीत माणूस येतो, रमतो, उसासा टाकतो आणि पाण्याची बाटलीही न घेता निघून जातो. कंपनी तोट्यात आहे.”

यावर वनमालाबाई दादूंचा हात धरून फलाटाकडे निघायच्या.

दादूंना विसरण्याचा आजार होता. माझ्यात बसले की ते फुलांवर बोट फिरवत राहायचे. बायकोला ‘बाई’ म्हणायचे. पण त्या फलाटावर उभे राहिले की त्यांची मान ताठ व्हायची. रुळाकडे बघत ते विचारायचे, “वनू, गाडी इली काय गो?” आठवड्यात तेवढ्यापुरतं त्यांच्या तोंडी तिचं नाव यायचं. ती म्हणायची, “येतेय हो, लेट आहे.” हे मी इथून बघायचो.

मग विचित्र गोष्टी घडायला लागल्या. वनमालाबाई एकदा गमतीत म्हणाल्या, “खांबावरचा दिवा भर दिवसा जळतो बघा.” पुढच्या रविवारी दिवा बंद. सुयोग म्हणाला की पावसाच्या पाण्यानं फरशी निसरडी झालीये. पाऊस बंद. टांग्याचं चाक डुगडुगतं असं बोलणं झालं, आणि टांगा गेला.

“आपण इथे बोलतो आणि तिथे तसंच होतं,” वनमालाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “कुणीतरी कार्यालयात जाऊन सांगतंय.”

त्या दिवसापासून माझ्यातली हवाच बदलली. बोलताना एकेकजण मागे वळून बघू लागला.

संशय धवलवर गेला. हा बोरिवलीचा तरुण नुकताच त्यांच्यात आला होता. भिंतींवर टकटक करायचा, टेपनं खांब मोजायचा, बंगल्याच्या भिंतीमागे जाऊन फोटो काढायचा. बोलायचा मात्र कमी. मलाही त्याचा संशय आला होता. बागेत येऊन कोण भिंतीची पाठ बघतो?

“मोजमापं कुणासाठी घेतोस?” वनमालाबाईंनी त्याला सरळच विचारलं.

“माझ्यासाठीच, मावशी.”

“बिल्डरसाठी नाही ना?”

त्याचे कान लाल झाले. “अहो, मी घरी एक...”

“राहू दे. कळलं आम्हाला.”

त्यानं नंदकिशोरांकडे पाहिलं. त्यांनीच त्याला या मंडळींत आणलं होतं. ते चक्राकडे बघत म्हणाले, “ताईंचं बरोबर आहे. हल्ली कोण कशासाठी येतं, काही सांगता येत नाही.”

हे बोलताना त्यांचे तळहात चक्रावर होते. थंडीचे दिवस असूनही ते ओले झाले होते. मला ते जाणवलं. पण मला तोंड आहे ते माणसांनी आत शिरायला, बोलायला नाही.

धवल उतरून निघून गेला. टेप माझ्या बाकावरच राहिली.

तो गेल्यावर सगळं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. बंगल्याच्या भिंतीला पोपडे आलेत असं इथे बोलणं झालं, आणि आठवड्याभरात भिंत ताडपत्रीखाली गेली. आता वनमालाबाई सुयोगकडे रोखून बघायला लागल्या.

“काकू, माझ्याकडे काय बघताय असं? मी तोंडावर बोलणारा माणूस आहे यार!” तो चिडून वडे आणायला गेला.

तो लांब गेल्यावर त्या नंदकिशोरांकडे झुकल्या. “नंदूभाऊ, तुम्हाला म्हणून सांगते, फलाटाच्या फळ्या हलायला लागल्यात. परवा यांचा पाय अडकता अडकता राहिला.”

हे धादांत खोटं होतं. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता त्या माणसालाच त्यांनी पारखायला घेतलं होतं. मनातून त्यांना वाटत होतं की काहीच होणार नाही, आणि तसं झालं असतं तर त्या किती सुखावल्या असत्या!

पुढच्या रविवारी फलाटाला लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. पाटी होती, ‘धोकादायक. प्रवेश बंद.’

दादू पट्टीपाशी गेले आणि गोंधळून थांबले. वनमालाबाई माझ्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. कोण सांगतंय ते कळलं होतं. पण आपल्याच खोट्यानं नवऱ्याचा फलाट बंद झाला, हेही कळलं होतं.

नंदकिशोर आले तेव्हा वनमालाबाईंनी नमस्कारही केला नाही. “तुम्हीच ना?”

नंदकिशोर म्हणाले, “कंपनीनं सल्ल्याला बोलावलं मला. ताई, सगळी बागच बंद करायला निघाले होते. मी म्हटलं, एक गल्ली काढा, बाकीची बाग जगेल. म्हणून तिथल्या तक्रारी कळवत गेलो. यात माझं काय वाईट होतं?”

“ते माझ्या तोंडावर म्हणायचं होतंत. भांडले असते मी. पण त्या धवलला हाकलताना तुम्ही काय म्हणालात?”

सुयोग वड्यांची पिशवी हातात धरून दोघांकडे बघत राहिला.

वनमालाबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या तडक फलाटाकडे गेल्या, पट्टी वर उचलली, दादूंना आत घेतलं आणि वर चढल्या. सुरक्षारक्षकानं शिट्टी फुंकली. गर्दी जमली. कार्यालयातून कुणी बाई धावत आल्या.

“आजी, खाली या! फळ्या हलतायत!”

“कुठे हलतायत?” वनमालाबाईंनी पदर खोचला आणि फळ्यांवर दाणदाण पाय आपटले. “हे बघा! आणि हे! मी खोटं बोलले होते. खोटं! हव्या तर माणसं आणून तपासून घ्या!”

घाबरून की काय, दादूंनी तिचा दंड धरला. मग रुळाकडे बघितलं. “वनू, पाय कित्याक आपटतंस? गाडी येतली.”

ती मटकन तिथेच बसली आणि रडायला लागली. शिट्टी थांबली.

माणसं आली, फळ्या तपासल्या, पट्टी निघाली. फलाट राहिला, पण ‘तूर्तास’. हा शब्द त्या कार्यालयातल्या बाईंचा. बाकीची सिनेगल्ली गेली. तिच्या जागी उंच पत्रे लागलेत, आणि आत काय चाललंय ते कुणालाच सांगत नाहीत.

वनमालाबाईंनी माझ्यात बसूनच धवलला फोन केला. माफी मागितली. तो घरी त्या गल्लीचं पुठ्ठ्याचं छोटं रूप करत होता, मोजमापं त्यासाठीच होती. काही आठवड्यांनी तो आला, पण माझ्या अगदी काठावर बसला. ते पुठ्ठ्याचं काम त्यानं अजून कुणाला दाखवलेलं नाही.

नंदकिशोर आता पलीकडच्या लाल कपात एकटे बसतात. दादूंना भांडण आठवत नाही. ते दर वेळी हात करतात, “अरे नंदू, ये मरे हय!” गेल्या रविवारी नंदकिशोर येऊन बसले. वनमालाबाईंनी त्यांना नको म्हटलं नाही, पण आपली पिशवी उचलून मांडीवर घट्ट धरली.

“काका,” सुयोगनं विचारलं, “पत्र्यांमागे काय बांधतायत? आपलं काय होणार?”

“मला ठाऊक नाही,” नंदकिशोर म्हणाले. या खेपेला ते खरं बोलत असावेत. त्यांचे हात कोरडे होते. तरीही वनमालाबाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

काल दोन माणसं आली. माझ्याभोवती फिरली, माझ्या अंगावर खडूनं फुली मारली आणि निघून गेली. ती फुली कशाची, हे मला विचारता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. मुलुंडला आलात आणि मी अजून जागेवर असलो, तर घटकाभर बसा माझ्यात. भांडायचं असेल तर समोरासमोर भांडा. मी पूर्वी पोरांच्या किंकाळ्या पोटात घेतल्यात, तुमचा आवाजही घेईन.