समुद्रापार जाऊन आलेला ट्रेलर

नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना पाण्याचा ट्रेलर कृपादानने सोनईला आपल्या गॅरेजसमोर आणून उभा केला, तेव्हा त्याची बायको लिडिया म्हणाली, "ह्यो गंज रस्त्यावर धावनार व्हय?"

"धावंल की. वस्त्यांवर पानी पोचवायला हुईल."

त्याने टायर बदलले, ब्रेक नीट केले, मागे लाल दिवे लावले. राहिला रंग. फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही, म्हणून नवराबायको तो खरवडायला बसली. हिरव्याखाली पांढरा रंग निघाला आणि त्यावर हातभर उंचीची दोन काळी इंग्रजी अक्षरं हळूहळू उघडी पडली. यू आणि एन.

कृपादानचा हात जागीच थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी जाणाऱ्या गाड्या पांढऱ्या रंगवतात, हे त्याने फौजेतल्या चुलत्याकडून ऐकलं होतं.

"अगं, ह्यो समुद्र वलांडून आलाय! आफ्रिकेत गेला आसंल, न्हाईतर आनखी कुठं."

लिडियाने पदराने अक्षरांवरची धूळ पुसली. "म्हंजी तिकडच्या लढाईतली लेकरं ह्यातलं पानी प्याली?"

"प्याली आसतील."

कृपादान स्वतः कधी पुण्यापलीकडे गेला नव्हता. चर्चमध्ये उभं राहावं तसा तो त्या पत्र्यावर तळहात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

पुढे ट्रेलरला निळा रंग लागला, पासिंगही झालं. पहिल्याच वस्तीवर एक म्हातारी हंडा भरताना म्हणाली, "पानी कुठनं आनलं रं बाबा?"

"सोनईवरनं, आजी," कृपादान म्हणाला आणि समुद्रापारही कुणी म्हातारीने हंडा भरताना हेच विचारलं असेल, असं वाटून त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.