सात नंबर, ठीक?

"अरे, ते बटण इतकं पिळू नकोस. कुणाचा गळा आहे का तो?" मिस ओलेटा म्हणाल्या.

डेंझिल प्रॉप्स्टने हात मागे घेतला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पावाच्या डब्याशेजारी, त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला, पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं पकडणारा स्कॅनर मांडला होता. एक पाय तुटलेला, म्हणून त्याखाली काड्यापेटी सरकवलेली. त्यातून निघणारी खरखर साऱ्या घरात भरून राहिली होती आणि डेंझिलला ती मुळीच सोसत नव्हती. कुणीतरी अंधारात दाराशी उभं राहून श्वास घेतंय, असं त्याला वाटत होतं.

मिस ओलेटा टीटर म्हणजे शेजारच्या टेकडीवरच्या म्हाताऱ्या. तीस वर्षं त्यांच्या घरी स्कॅनर चालू होता. कुणाची गाडी दरीत गेली, कुणाच्या शेगडीने घर पेटवलं, कुणाच्या पोटात दुखलं, हे घरच्यांच्या आधी बाईंना कळायचं, आणि बाईंना कळलं की गावाला कळायचं. त्यामुळे डेंझिलने स्कॅनर आणल्यावर शिकवायला दुसरं कुणी बोलवण्याचा प्रश्नच नव्हता. बाई काठी टेकत आल्या आणि बसल्याबसल्या त्यांनी शाळाच भरवली. एरियल खिडकीपाशी हवी. सगळे चॅनल चालू ठेवायचे नाहीत, नाहीतर तो डबा रेल्वे, जंगलखातं, हवामान करत गावभर हुंदडत बसतो आणि नेमकं हवं ते निसटतं. पलीकडच्या जिल्ह्यातले पोलीस आता कुलूपबंद बोलतात, तिथे महागातला डबासुद्धा मुका बसतो. आपला शेरीफ अजून जुन्या पद्धतीने उघड बोलतो, तोवर स्वस्तातला चालतो. आणि ते खरखर दाबायचं बटण.

"जेमतेम खरखर थांबली की हात काढायचा," बाई म्हणाल्या. "जास्त फिरवलंस तर खोऱ्यातून येणारा बारीक आवाजही हा डबा गिळून टाकतो. आणि मुख्य म्हणजे, ऐकायचं आणि बसायचं. उठून धावायचं नाही. धावायला पगारी माणसं आहेत."

"ते पगारी माणूस माझी पोरगी आहे, मिस ओलेटा."

"म्हणूनच सांगते."

डेंझिल जन्माचा भित्रा होता आणि त्याला ते ठाऊक होतं. आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली, डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, बर्फात आणि धुक्यात, आणि मागे चाळीस पोरं. प्रत्येक वळणावर त्याचा पाय ब्रेकवर असायचा. लोक म्हणायचे, प्रॉप्स्टसारखा सावध ड्रायव्हर नाही. सावध कसला, घाबरलेला. पण घाबरलेल्या माणसाने एकही पोर दगावू दिलं नाही, आणि आपल्या भीतीचा काहीतरी उपयोग आहे अशी त्याची समजूत होऊन बसली.

मग बायको नोला गेली, तो निवृत्त झाला, आणि त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एक डार्लाने शेरीफच्या खात्यात डेप्युटीची, म्हणजे गस्तीच्या पोलिसाची, नोकरी धरली. जिल्हा केवढा, डेप्युटी किती, सगळं सगळ्यांना माहीत. एकटीने गाडीत बसून फिरायचं, आणि गरज पडली तर मदत येईल तेव्हा येईल. रविवारी ती जेवायला यायची. कसा गेला आठवडा म्हणून विचारलं तर "बरा गेला" म्हणायची आणि बीन्स वाढून घ्यायची. त्या "बरा"च्या मागे काय आहे, या विचाराने डेंझिलची झोप उडाली होती. कळलं की भीती कमी होईल, असं त्याला वाटलं, म्हणून हा डबा आणला.

कळायला लागलं आणि भीती दुप्पट झाली.

डार्लाचा नंबर सात. तिने कुठे गाडी अडवली किंवा कुणाच्या घरात शिरली की थोड्या थोड्या वेळाने कंट्रोलमधली बाई विचारायची, "सात, ठीक?" आणि डार्लाचा आवाज यायचा, "सात, ठीक." त्या दोन वाक्यांच्या मधे जी फट असे, तिच्यात डेंझिल राहू लागला. घास हातात धरून तो थांबायचा. "सात, ठीक" आलं की जीव भांड्यात पडायचा आणि घास तोंडात. आंघोळीला जाताना तो दार उघडं ठेवू लागला. मधल्या वेळात ती खरखर ऐकवेना म्हणून बाईंची शिकवण गुंडाळून ठेवून त्याने बटण चांगलंच पुढे फिरवलं. घर शांत झालं. त्याला बरं वाटलं.

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी आमच्या डोंगरात शाळेलासुद्धा सुट्टी असते. सकाळपासून चारी बाजूंनी बंदुकांचे बार ऐकू येत होते आणि प्रत्येक बाराला डेंझिल खिडकीकडे बघत होता. दुपारी स्कॅनर बोलला. लॉरेल खोऱ्याच्या टोकाला रॉस हिंकलचं घर. बायको शेजारी पळून आलीय. नवरा बंदूक मांडीवर घेऊन बसलाय, जीव देतो म्हणतोय, भावालाही फोन करून बोलावलंय. सात निघाली. मागून राज्य पोलीस येतायत, पण त्यांना वेळ लागेल.

"गाडी खाली ठेवून चालत जाते," डार्लाचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

"सात, ठीक?"

डेंझिल खुर्चीवरून उठला. डबा गप्प. कंट्रोलच्या बाईने किती वाजले ते सांगितलं आणि तीही गप्प झाली. थोड्या वेळाने पुन्हा, "सात, ठीक?" पुन्हा काही नाही. पुन्हा बाईने नुसती वेळ सांगितली, जणू पोरीचं काय झालं याच्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा डेंझिल दाराकडे वळला. त्याने भिंतीवरची ट्रकची किल्ली ओढली.

मिस ओलेटांनी नंतर त्याला समजावून सांगितलं. बोलता येत नसलं की डेप्युटी तोंडाने उत्तर देत नाही. वायरलेसचं बोलायचं बटण नुसतं दोनदा दाबते. टक्, टक्. म्हणजे ठीक आहे, पण आवाज करू शकत नाही. कंट्रोलने वेळ सांगितली की समजायचं, उत्तर पोचलं. याहून जास्त कंट्रोलची बाई बोलत नाही, कारण या खोऱ्यांत घरोघरी स्कॅनर, हिंकलच्या घरातही असणारच. बाईंनी आपल्या ओट्यावर तिन्ही वेळा टक्-टक् ऐकलं होतं. डेंझिलच्या डब्याने तिन्ही वेळा ते गिळलं होतं. बाईंच्या मनात शंका आली म्हणून त्यांनी त्याला फोनही लावला. तो रिकाम्या घरात वाजत राहिला.

डेंझिलच्या ट्रकचा सायलेन्सर फुटलेला. लॉरेलच्या खडीच्या रस्त्यावरून तो असा गर्जत वर चढला की झाडांवरचे कावळे उडाले. रस्त्यात डार्लाची गाडी दिसली, रिकामी. त्याने वेग वाढवला. रस्ता घराच्या आवारात संपला आणि त्याने ब्रेक मारला.

लाकडांच्या ढिगाआड डार्ला गुडघ्यावर बसली होती. आवाजासरशी ती गर्रकन वळली आणि पिस्तूल सरळ ट्रकच्या काचेवर रोखलं गेलं. डेंझिलने त्या नळीकडे पाहिलं आणि नळीच्या मागच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता.

मग तिने ओळखलं. पिस्तूल खाली गेलं. आणि तेवढ्यात, तिची पाठ घराकडे असताना, ओसरीचं दार उघडून रॉस हिंकल बाहेर आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, अंगात फक्त बनियन. बंदूक हातात.

"मिस्टर प्रॉप्स्ट?" तो म्हणाला. "तुम्ही इथं कशाला आलात?"

हा रॉस लहानपणी मागच्या बाकावर बसायचा आणि बस चालू असताना उभा राहायचा. डेंझिलच्या तोंडातून तेच निघालं जे बस चालवताना तो आयुष्यभर आरशात बघून ओरडत आला होता.

"रॉस, खाली बस बघू."

आणि रॉस बसला. ओसरीच्या पायरीवर, बंदूक बाजूला ठेवून, दोन्ही हात गुडघ्यांवर घेऊन. डार्लाने पुढे होऊन बंदूक उचलली. तो रडायला लागला.

संध्याकाळी साऱ्या जिल्ह्याला ते वाक्य पाठ झालं होतं. पंपावर डेंझिलच्या कॉफीचे पैसे घेईनात. आगीच्या बंबाच्या कचेरीत त्याच्यासाठी केक कापला गेला आणि त्यावर साखरेत लिहिलं होतं, खाली बस बघू. पाद्रीबुवांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. मिस ओलेटा तेवढ्या केक खायला गेल्या नाहीत.

त्या रविवारी डार्ला जेवायला आली. बीन्स होते, मक्याचा पाव होता. ती ताटाला हात न लावता बसून राहिली.

"हिंकलच्या भावाची वाट बघत होते मी," ती म्हणाली. "तो बंदूक घेऊन निघालाय असं कळलं होतं. त्याचाही ट्रक असाच फुटका."

"मला वाटलं तू..."

"तुला काय वाटलं ते मला माहितीय, डॅडी. माझं बोट कुठं होतं ते तुला माहितीय का?"

डेंझिलने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला.

"चाप अर्धा दाबला होता मी. काचेवर ऊन होतं. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. ते ऊन थोडं आणखी राहिलं असतं ना..." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता डोळे मिटले की दर वेळी दाबते."

तिला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण तिच्या दिशेने हात पुढे करायचीही त्याला भीती वाटली. ती उठली, ताट तसंच ठेवून गेली. त्याने स्कॅनरची वायर काढली आणि तो बंबाच्या कचेरीच्या सेलमध्ये देऊन टाकला.

नेमबाजीच्या सरावात डार्लाला पिस्तूल वर उचलता येईना. शेरीफ भला माणूस, घाई नाही म्हणाला. पण तिने स्वतःच अर्ज करून कोर्टाच्या दारावरची जागा मागून घेतली. दिवसाची ड्युटी, छपराखाली, चार माणसांत. येणाऱ्यांच्या पिशव्या बघायच्या, अंगावरून तपासणीची दांडी फिरवायची. डेंझिलने इतकी वर्षं देवाकडे हेच मागितलं होतं. आता तिला कसलाही धोका नव्हता, आणि रविवारी ती येत नव्हती.

जानेवारीत त्याला ट्रकचा कर भरायला कोर्टाच्याच इमारतीतल्या कचेरीत जावं लागलं. दारापाशी रांग होती आणि दाराशी डार्ला. ती बारीक झाली होती. त्याला बघताच मागचं कुणीतरी हसून म्हणालं, "अगं, त्याला काय तपासतेस! आपला हिरो आहे तो."

"सगळ्यांना तपासते," डार्ला म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता, "खिसे रिकामे करा."

डेंझिलने ट्रेमध्ये किल्ल्या ठेवल्या, चाकू ठेवला, कंगवा ठेवला, छातीतल्या दुखण्याच्या गोळ्यांची बाटली ठेवली. बाटलीवर तिची नजर क्षणभर अडकली, कारण ती तिला नवीन होती. मग ती दांडी घेऊन पुढे आली. तो दोन्ही हात पसरून उभा राहिला. दांडी पायांवरून, कमरेवरून, छातीवरून सावकाश वर आली आणि त्याच्या चेहऱ्यासमोर थांबली. डार्लाचं बोट दांडीच्या मुठीवर, चापावर असावं तसं, आवळलं गेलं. डेंझिल हलला नाही, त्याने डोळेही मिटले नाहीत.

तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धरलं आणि दांडी खाली घेतली.

"जा, डॅडी," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.